ग्रहणाचा राजा

न्हाव्याने कोवळ्या दाढीवरून वस्तरा फिरवला आणि इद्दिनूचं राजेपण पाण्याबरोबर वाहून गेलं. गादीवर बसून त्याला अजून महिनाही झाला नव्हता.

"हलू नका, शेतकरीदादा," न्हावी म्हणाला. "कान कापला जाईल, मग माझ्या नावानं बोंब."

कालपर्यंत हाच न्हावी त्याच्यापुढे कपाळ जमिनीला टेकत होता. पण त्याचा तरी काय दोष? काल रात्री चंद्राला ग्रहण लागलं होतं, आणि ग्रहण लागलं की राजाचं मरण ठरलेलं. देवांना चकवायचं तर दुसऱ्याच कुणाला तरी राजा करायचं आणि ते मरण त्याच्या माथी मारायचं, ही दूर-नूना नगरीची पूर्वापार रीत. ग्रहणानंतर शंभर दिवस खरा राजा शेतकरी. चुकूनही कुणी त्याला महाराज म्हटलं, तर देवांना पत्ता लागलाच म्हणून समजा.

थोरल्या पुजाऱ्याने राजवाड्याच्या बागेतला माळी निवडला, कुल्बू नावाचा. वय इद्दिनूएवढंच, उंचीही तेवढीच, दाढीही तशीच कोवळी. त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला, हातात राजमुद्रा दिली. मुदत संपली की आपल्याला विषाचा पेला प्यायचाय, हे त्या बिचाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

इद्दिनूला नदीकाठच्या मळ्यातली झोपडी मिळाली. सोबतीला हंझू नावाचा म्हातारा पहारेकरी.

"कांदे असे उपटायचे नसतात, शेतकरीदादा," हंझू म्हणायचा. "मान धरून ओढताय जसं काही. मुळाशी हात घाला."

"तू राजाशी बोल..." इद्दिनू अर्ध्यावरच थांबायचा.

"कुठाय राजा?" हंझू इकडेतिकडे बघायचा. "राजे तिकडं वाड्यात मेंढीचं मटण खातायत. आपल्या नशिबी सातूची भाकरी. बसा गिळत."

पहिले काही दिवस त्याला याचा राग यायचा. मग रागही संपला. हातांना घट्टे पडले, उन्हाने कातडी रापली. आपण उद्या ओरडून सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार, असं त्याला वाटायला लागलं. खरं तर त्याला ओळखणारं होतं तरी कोण? लहानपणापासून तो मामाच्या गावी वाढला होता. बाप गेल्यावर आला आणि थेट गादीवर बसला. दरबाऱ्यांनी पाहिला होता तो मुकुट आणि दाढी. त्या दोन्ही गोष्टी आता कुल्बूकडे होत्या.

आई मात्र न चुकता यायची. रिमूत राणी साध्या शालीत, खजुराच्या वड्यांची टोपली घेऊन. इद्दिनूचा बाप कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होता, तेव्हा सगळा कारभार तिनेच ओढला होता. म्हणून तर गादीवर बसल्या बसल्या इद्दिनूने तिला सांगितलं होतं, "आई, पुरे झालं आता. डोंगरावरच्या देवळात जाऊन राहा. विश्रांती घे. तिकडची सगळी सोय मी केलीय." ती नुसती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली होती.

"वाळलास रे," ती एक दिवस म्हणाली.

"तिकडे कसं चाललंय?"

"चाललंय. पोरगं गुणी आहे. कधी कशाला नाही म्हणत नाही. मी सांगेन तिथं मुद्रा उठवतं."

"घाबरत असेल."

"झोपेत रडतं. मग मी जाऊन बसते उशाशी."

इद्दिनूने हातातली वडी खाली ठेवली. तो घोटभर पाणी प्यायला. "आई, काहीच नाही का करता येणार? माझ्यामुळे एक पोर मरणार. मला झोप लागत नाही. पुजाऱ्याला सांग ना, बकरा देऊ, बैल देऊ."

"एकाला तर जावंच लागतं, बाळा. रीतीपुढे माझा काय इलाज?"

"निदान त्याच्या आईकडे तरी बघू आपण. तिला मळा देऊ."

"त्याला आई नाही," रिमूत म्हणाली. रिकामी टोपली उचलून ती उठली. दारात जरा थांबली. "तू एवढं म्हणतोस, तर बघते काय करता येतं ते."

तिचे डोळे भरून आले होते. इद्दिनूला वाटलं, एवढी मोठी राणी, पण तीही आपल्यासारखीच अडकलीय. त्याला तिची फार दया आली.

मुदत संपली. देवळाच्या अंगणात सगळं गाव लोटलं होतं. दोघांची डोकी आणि दाढ्या तासल्या होत्या, दोघांना सारख्याच पांढऱ्या घोंगड्या गुंडाळल्या होत्या. शेवटच्या क्षणापर्यंत देवांना फरक कळता कामा नये. राजाच्या आईने पुढे व्हायचं, आपल्या लेकाचा हात धरून त्याला सिंहासनावर बसवायचं. जो उरेल त्याच्या हातात पेला. तोवर दोघांनीही तोंड उघडायचं नाही. जो बोलेल, त्याला भालाईत तिथल्या तिथे आडवा करणार.

कुल्बूने घोंगडी छातीशी घट्ट धरली होती. इद्दिनूला त्याच्याकडे बघवेना. आपण हात हलवून काही करू शकत नाही, शब्दही बोलू शकत नाही, याची त्याला लाज वाटत होती. मनातल्या मनात त्याने कुल्बूची माफी मागितली.

पुजारी पेला घेऊन पायरीवर उभा राहिला. रिमूत राणी गर्दीतून सावकाश पुढे आली. दोघांसमोर थांबली. तिने इद्दिनूच्या गालावरून एकदा हात फिरवला, डोळे पुसले आणि कुल्बूचा हात धरला.