मल्लम्माचा सासुरवास

सुनेचा छळ करून मल्लम्माला मिळत काय होतं, याचा हिशेब कमलबाईंना काही केल्या लागेना.

गाव नळदुर्गाच्या अलीकडचं, साल दुष्काळाचं. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत कमलबाई बालवाडी चालवत. मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना तिथं सुकडी मिळे. सगळ्या येत, मल्लम्माची सून अयोध्या तेवढी येत नसे. तिचं तान्हं बाळ सदा मल्लम्माच्याच खांद्यावर. त्याला बोंडल्यानं शेळीचं दूध पाजत ती बसे आणि सुनेच्या वाटची सुकडी पदरात बांधून नेई.

कुणी हटकलंच, तर तोंडावर सांगे, "नातू माझाय. तिच्या हातात द्यायची न्हाय म्या."

बाया तिला कैदाशीण म्हणत. ती ऐकून घेई, वर निवांत तंबाखू मळे.

गंमत अशी, की ही छळवादी सासू पाण्याच्या रांगेत स्वतःच उभी राही. दळण तिचं, धुणंही तिचंच. कष्ट सगळे छळणारीच्याच वाट्याला, हा छळ तरी कसला? कमलबाईंना ते खटके. पण आईवाचून कोमेजलेलं बाळ समोर दिसलं, की बाकी सगळं मागं पडे.

मल्लम्माचा मुलगा वीरप्पा खडी फोडायच्या कामावर, पंधरवड्यानं घरी यायचा. कमलबाईंनी त्याला गाठलं आणि बाळ आईपासून असंच तोडलं तर जगायचं नाही, असं बजावलं. बायकोचं मुकं तोंड त्यानंही पाहिलंच होतं. त्याच दिवशी त्यानं आईची चूल गोठ्यात मांडून दिली. मल्लम्मा बाळाला घरात निजवून गोठ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी कमलबाई हौसेनं अयोध्येकडं गेल्या. ती भिंतीकडं तोंड करून बसलेली, केस मात्र तेल लावून चापूनचोपून विंचरलेले. कमलबाईंनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. ते रडायला लागलं, घसरायला लागलं. अयोध्येचे हात काही उठले नाहीत.

"बाई, न्या त्याला," ती म्हणाली. "बाळंत झाल्यापासनं माझ्यात जीवच न्हाय. त्याच्याकडं बघूसुदीक वाटंना. आत्याबाई म्हणल्या, कुणाला बोलू नगंस. वेडी म्हणून नाव पडलं तर तुला माहेरी धाडत्याल, दुसरी आणत्याल. वाईट सासू काय, घरोघर हाय. तिला कुणी घराभाईर काढत न्हाय."