मालक आले

"वरचं बटण नको लावूस. गुदमरतं," लौ चिंगथांग म्हणाले.

"फोटो काढणार आहेत, बाबा." पेइचननं बटण लावलंच.

उद्योजकांच्या पक्षाच्या तिआनजिन शाखेत आज त्यांचा सत्कार होता. देशात सत्ता एकाच पक्षाची, पण जुन्या कारखानदार-व्यापाऱ्यांसाठी हा एक धाकटा पक्षही ठेवलेला. थोरल्यानं ठरवायचं, धाकट्यानं मान डोलवायची. लौ पस्तीसएक वर्षं मान डोलवत होते. मधली काही वर्षं शाखेच्याच दाराला सरकारी सील लागलं होतं, तेवढी सोडली तर गुरुवारची एकही बैठक त्यांनी चुकवली नव्हती.

रस्त्यानं ते नेहमीसारखे लेकीच्या अर्धं पाऊल मागून चालत होते.

जिन्याशी बी शेठ काठी टेकून उभे होते. एकेकाळी त्यांचा बटणांचा कारखाना होता.

"आले बघा आमचे शोषक! किती कामगार खाल्लेत सकाळपासून?"

"तुझ्याइतके नाही पचत मला," लौ म्हणाले, आणि दोघं म्हातारे एकमेकांना धरून हसत जिना चढले.

वरच्या खोलीत तोच जाईचा चहा होता, त्याच सूर्यफुलाच्या बिया. पेइचनला लहानपणचे गुरुवार आठवले. कोपरं झिजलेल्या कोटातले मालक लोक इथं गोल बसून सरकारी पत्रकं वाचायचे आणि ती बाबांच्या मांडीवर झोपून जायची. उपासमारीच्या वर्षी बाबांनी याच खोलीतल्या शेगडीवर एका कोबीच्या चार भाज्या केल्या होत्या. बाकीच्यांना साधं पाणी उकळता येत नव्हतं.

"त्या कोबीची चव अजून जिभेवर आहे," बी शेठ आताही म्हणाले. "मालकाच्या हाताला अशी चव! कुणी शिकवलं रे तुला?"

"घरी आचारी होता. त्याचं बघून बघून," लौ म्हणाले आणि बिया सोलू लागले.

शाखेच्या सचिव हौबाई भाषणाला उभ्या राहिल्या. गोष्ट पेइचनला पाठ होती. १९४९ चा वसंत. एनॅमलच्या घमेल्यांचा कारखाना हिवाळ्यापासून थंड पडलेला. मालक दूर शांघायला. तिआनजिनमध्ये त्यांना कुणीच पाहिलेलं नव्हतं, नुसती पत्रं यायची. नव्वद कामगार रोज फाटकाशी येऊन बसायचे. एका सकाळी आगगाडीतून एक जण एकटाच उतरला, चालत फाटकापाशी आला. कुणीतरी ओरडलं, "मालक आले!" त्यानं त्या नव्वद तोंडांकडे पाहिलं, कोट काढला आणि म्हणाला, "भट्टी पेटवा."

"आणि सात वर्षांनी तोच कारखाना यांनी सरकारच्या हवाली केला," हौबाई म्हणाल्या. "ढोल वाजवत, स्वतःच्या पायांनी!"

टाळ्या पडल्या. पेइचननंही वाजवल्या, पण जरा उशिरा.

त्या 'मालक' शब्दाची किंमत तिनं मोजली होती. मालकवर्गाविरुद्ध मोहीम उठली तेव्हा, सोळाव्या वर्षी, तिनं बाबांना त्याच फाटकाशी स्टुलावर उभं केलेलं पाहिलं. गळ्यात पाटी होती: 'शोषक लौ'. मग तिची रवानगी खेड्यात झाली. वैद्यकीय महाविद्यालयासाठी गावानं तीनदा तिचं नाव पाठवलं आणि तीनदा ते कापलं गेलं. बापाचा वर्ग: भांडवलदार. ज्याच्याशी लग्न ठरत होतं, त्याच्या आईनंही तोच कागद वाचला. आता सदतिसाव्या वर्षी ती दवाखान्याच्या खिडकीतून गोळ्यांच्या पुड्या देत होती.

आठ वर्षांपूर्वी अधिकारी घरी आले होते. खरे भांडवलदार कोण आणि उगाच त्यात ढकललेले कोण, याची नव्यानं छाननी चालली होती. बी शेठचं नावसुद्धा भांडवलदारांच्या यादीतून निघालं. पेइचन बाबांच्या पाया पडायची बाकी होती. "सांगा ना, मी नुसता नावाचा मालक होतो म्हणून. माझ्यासाठी सांगा."

बाबांनी अधिकाऱ्यापुढे चहाचा कप सरकवला. मग अधिकाऱ्याला म्हणाले, "मालकच होतो मी. लिहा तसंच."

"का, बाबा?"

"मग गुरुवारच्या बैठकीला कोणत्या तोंडानं जाऊ?"

दोन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती. नंतर बोलू लागली, पण हे तिनं पुन्हा विचारलं नाही. आज त्या खोलीत त्यांचा उजळलेला चेहरा बघताना तिला वाटलं, असेल बाबा, अभिमान असेल तुमचा. राहू दे.

हौबाईंनी दाराकडे हात केला. "आज आणखी एक आनंदाची गोष्ट. हाँगकाँगचे एक उद्योजक आपला एनॅमलचा कारखाना पुन्हा उभा करायचा म्हणताहेत. या ना, आत या."

पन्नाशीचे गृहस्थ आत आले. करडा सूट, सोनेरी चष्मा.

"आणि हे आमचे लौ चिंगथांग. त्या कारखान्याचे मूळ मालक."

पाहुण्यांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. "लौ चिंगथांग?" ते सावकाश म्हणाले. "हे तर माझ्या वडिलांचं नाव. कारखानाही त्यांचाच. ते पाच वर्षांपूर्वी गेले, हाँगकाँगमध्ये."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. पेइचननं बाबांकडे पाहिलं.

बाबा खुर्चीला रेटून उठले. तिनं धरलेला हात त्यांनी हळूच सोडवून घेतला, दोन्ही हात बाजूला सरळ ठेवले आणि मान खाली घातली.

"धाकटे मालक," ते म्हणाले, "तुमच्या वडिलांनी मला कारखाना बंद करून यायला पाठवलं होतं. तेवढं एक काम माझ्याकडून राहून गेलं."