सायकलीला अठरा फूट

फक्कीची पांढरी रेघ बाबाजानच्या खोलीच्या भिंतीला येऊन थांबली आणि पलीकडच्या भिंतीपासून पुन्हा सुरू झाली. मधे काय आहे, हे रेघ मारणाऱ्या सुनीलनं वाकूनसुद्धा पाहिलं नाही. मधे बाबाजानची खाट होती, चूल होती, चाळीस वर्षांचा संसार होता.

साखर कारखान्याची उसाची रेल्वे कधीच बंद पडली. रूळ भंगारात गेले, पुढं कारखान्यालाही कुलूप लागलं. राहिला तो मातीचा भराव आणि त्याच्या कडेची ही गँगमनची खोली. बाबाजानला तिथून कुणी ऊठ म्हटलं नव्हतं, पण राहा असं लिहून दिलेलं चिटोरंही त्याच्याकडं नव्हतं. त्यामुळं टेप घेऊन कुणी भरावावर चढलं की म्हातारा दार अडवून उभा राहायचा.

"घाबरू नका, चाचा," ज्योती म्हणाली. नगरच्या सायकल क्लबातली ही मुलगी, सकाळीच सायकल दामटत इथवर आली होती. "गाड्या नाहीत, धूर नाही. इथून कॅनॉलपर्यंत नुसता सायकलींचा रस्ता. लोक येतील, तुम्ही चहा विका." तिनं संमतीचा कागद आणि पेन पुढं केलं.

पोरगी बोलायला गोड होती. पण पाइपलाइनवालाही असाच हसत आला होता आणि जाताना दारातला कडुनिंब तोडून गेला होता. बाबाजाननं पेनाला हात लावला नाही.

"रुंदी किती?"

"अठरा फूट," ठेकेदाराचा माणूस असलेल्या सुनीलनं परस्पर सांगून टाकलं.

बाबाजानच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दोन रुळांमधलं अंतर मोजण्यात त्याची हयात गेली होती. नातवंडांची नावं चुकतील, हे माप चुकायचं नाही.

"सायेब, आमची लाईन अडीच फुटाची हुती. तीस डबं ऊस जायाचा तिच्यावरनं. आन् ह्या पोरीच्या सायकलीला अठरा फूट?"

"येणारे, जाणारे, कडेला झाडं. नियम असतो, चाचा."

"पण आपल्या नकाशात आठ फूट होतं," ज्योती म्हणाली.

"वरून बदललंय, मॅडम."

"वरून म्हणजे कुठून?"

सुनील टेप गुंडाळू लागला.

"पोरी, जरा चालीव सायकल," बाबाजान म्हणाला. "ह्या फक्कीवरनं."

ज्योती बुचकळ्यात पडली, पण चालवत गेली. बाबाजान गुडघे धरत खाली बसला आणि चाकाच्या खुणेवर दोन बोटं ठेवली. खूण बोटांखाली झाकून गेली.

"एवढीशी लागती. तुमी आठ फूट घ्या, झाडं लावा, आमची ना न्हाई. माझी खोली बी ऱ्हाती." तो सुनीलकडं वळला. "कॅनॉलकडंला पलाट पाडल्यात. त्यास्नी रस्ता न्हाई. कुणाचं हायेत त्ये, सायेब?"

"मला काय ठाऊक!" सुनीलनं फक्कीचं घमेलं उचललं. "मॅडम, ऊन चढतंय. चाचांची सही तेवढी घ्या."

ज्योतीचा चेहरा उतरला. बाबाजानला वाईट वाटलं. तिच्या सायकलीशी त्याचं काही वैर नव्हतं.

"आधी तुमची घेऊ," ती सुनीलला म्हणाली. कागदाच्या तळाशी तिनं एक ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली, "ही अठरा फूट जागा फक्त सायकलींसाठी आहे, इथून दुसरं कुठलंही वाहन कधीच जाणार नाही." मग पेन सुनीलपुढं धरलं.

सुनीलचा मोबाईल वाजला नव्हता. तरी त्यानं तो कानाला लावला आणि "हॅलो, हॅलो" करत भराव उतरून गेला.