ताफ्यातलं शेवटचं जहाज

“मग बुडवायचं तरी कोणतं, काका?” इलिंकाने तिसऱ्यांदा विचारलं.

व्हिरजिलकाकांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे थोडा वळवला. पडद्यावर उत्तर अटलांटिक पसरला होता आणि पेरिस्कोपच्या गोल काचेतून चौतीस मालवाहू जहाजांचा ताफा संथपणे पुढे सरकताना दिसत होता. बुखारेस्टमध्ये ऑक्टोबर उजाडला तरी खोल्या उबदार ठेवणारं इमारतीचं गरम पाणी नळ्यांतून फिरायला लागलं नव्हतं, म्हणून आठव्या मजल्यावरच्या त्या खोलीत दोघंही कोट घालूनच बसली होती. इलिंका एखाद्या जहाजावर नेम धरायची, बटणाकडे बोट न्यायची, की काका हळूच तिचं मनगट धरायचे. ते नको, तो रादू. तेही नको, तो कॉन्स्टांत्सा शहरातला दातांचा डॉक्टर, फार भला माणूस.

काकांनी ज्या कंपनीत असताना पाणबुडीचा हा खेळ बनवला, ती कधीच बंद पडली होती. तेव्हापासून काका एकटे तो सांभाळत होते. खेळणारे होते चाळीसेक, आणि सगळे एकजात खुळे. क्षितिजावर धूर दिसेपर्यंत खरोखरचे चार-चार तास नुसत्या पाण्याकडे बघत बसायचे आणि वर त्याला मजा म्हणायचे. त्यांतला रादू सगळ्यांत आधी वारला, तेव्हा काकांनी ताफ्यातल्या एका जहाजाला त्याचं नाव दिलं. त्या जहाजावर कुणी टॉर्पेडो सोडायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तेव्हा ते फार शोभून दिसलं. पुढे एकेक जण जात राहिला आणि एकेक जहाज वाचत राहिलं. नवीन कोणी खेळायला आला की त्याच्या हातात आधी न बुडवायच्या जहाजांची यादी पडायची. आठवड्याभरात तो पसार व्हायचा. जुन्यांनी तर चुकून भलत्याला लागेल म्हणून टॉर्पेडो सोडणंच बंद केलं होतं. आता ताफ्यात बिननावाचं एकही जहाज उरलं नव्हतं. आपल्याच मायेने आपण खेळाचा गळा आवळला, हे काकांना पक्कं कळत होतं. पण नाव पुसायला हात धजत नव्हता.

काकांच्या आजाराबद्दल डॉक्टर हिवाळ्यापलीकडचं काही बोलायला तयार नव्हते. काकांनी अकरा जणांना पत्रं लिहिली होती, माझ्यामागे हा खेळ कुणीतरी चालवा म्हणून. आली ती एकटी इलिंका. एरवी मोबाइलवर फळं फोडायचे खेळ बनवणारी ही मुलगी आपली सुट्टी मोडून सकाळपासून कोड वाचत बसली होती. लाटा बघून तिने चक्क मान डोलावली होती. अशा लाटा आमच्याकडे दहा जणांना मिळून जमणार नाहीत, असंही म्हणाली होती. काकांनी मोठ्या हौसेने प्लम भरून उकडलेले बटाट्याचे गोळे तिच्यापुढे ठेवले होते, ते आता गार होऊन गेले होते.

“नऊ वर्षांत या खेळात काही बुडालेलं नाही,” ती म्हणाली. “बुडतंय की नाही तेच कुणाला माहीत नाही. मग ही पाणबुडी कसली, मत्स्यालय झालं. एक जहाज बुडालेलं दाखवा, मग मी घ्यायचं बोलते.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळ्या रांगांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. मग त्यांनी बोट टेकवलं ते अगदी मागच्या, धुक्यात अर्धवट बुडालेल्या जहाजावर.

“हे घे. याच्या मागे कुणी नाही.”

इलिंकाने पुन्हा विचारलं नाही. तिने अंतर मोजलं, कोन लावला, टॉर्पेडो सोडला. काकांनी खिशातून सेकंद मोजायचं जुनं घड्याळ काढून त्याची कळ दाबली. एक मिनिट आणि पाच सेकंद लागणार होते. वेळ होता म्हणून तिने पेरिस्कोप जवळ घेतला आणि जहाजाच्या कुशीवरची अक्षरं वाचली. मग काकांकडे पाहिलं.

“काका, हे तर तुमचं नाव आहे.”

“मागाहून लिहिणार कोण? म्हणून परवाच लिहून टाकलं.” त्यांची नजर घड्याळावरून हलली नाही. “चाळीस सेकंद झाले. लक्ष दे.”

टॉर्पेडो बरोबर मधोमध लागला. लोखंड फाटल्याचा आवाज खोलीभर झाला. तो आवाज काकांनी कधीकाळी बायकोचा भट्टीतला ट्रे वाकवून काढला होता आणि त्यावरून ती तीन दिवस बोलली नव्हती. जहाज कलंडलं, नाक वर करून उभं राहिलं आणि गेलं. सगळं अगदी बिनचूक चाललं. इतकी वर्षं धूळ खात पडलेलं काम पहिल्या झटक्यात चाललं, याचा काकांना अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची लाजही वाटली.

इलिंकाने हात मांडीवर घेतले.

“मी खेळ घ्यायला आले होते, काका,” ती म्हणाली. “हे कबरस्तान आहे. रोज यातून वाट काढायची माझ्यात ताकद नाही.”

काकांनी मान हलवली. तिला दोष द्यावा असं त्यांना काही सापडलं नाही. कोटाची बटणं लावून ती निघाली, दारात पुन्हा एकदा सॉरी म्हणाली. लिफ्ट खाली जाईपर्यंत काका ऐकत राहिले. मग परत येऊन पडद्यासमोर बसले.

ताफा थांबला नव्हता. एखादं जहाज बुडालं की मागच्याने पुढे येऊन त्याची जागा भरायची, हा नियम काकांनीच लिहिला होता, आणि आजवर त्यात कधी चूक निघाली नव्हती. ते बघत राहिले. तेहतीस जहाजं आपापल्या रांगेत पुढे गेली. अगदी मागची जागा तशीच रिकामी राहिली, आणि थोड्या वेळाने तिच्यावर नुसत्या लाटा होत्या.