काय बोलला क्रँक?

गॅरेजात चेन-पुलीला टांगलेल्या चकचकीत क्रँकवर साधनानं हातोडी हलकेच मारली. आवाज आला, बद्द. तडा गेलेल्या मडक्याचा यावा तसा.

"काय बोलला?" जगदेवनं विचारलं.

साधना सासऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि मग बोलली, "बद्द बोलला, मामाजी. कुठंतरी चिरलेला असन."

"अवो, पण रूप तं पाहा त्याचं!" किशन कळवळला. अकोल्याच्या भंगारबाजारातून तिन्ही क्रँक त्यानंच उचलून आणले होते. "नवरदेवावानी दिसून राह्यला."

"मंग हळद लावा आन् घरी न्या त्याले," साधना म्हणाली. "इंजिनात नोको."

किशनचा ट्रॅक्टर जुना, पण तब्येतीनं धडधाकट. औंदा त्यानं मळणीयंत्र मात्र मोठं घेतलं आणि ट्रॅक्टरचा जोर कमी पडू लागला. नवा ट्रॅक्टर काही परवडणारा नव्हता. मग जगदेवनं तोड काढली. इंजिनाचं धूड तेच ठेवायचं, पण पोटात त्याच घराण्यातल्या थोरल्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो वाकडातिकडा दांडा, बसवायचा. थोरल्याची ढांग लांब. पिस्टन जास्त खाली उतरतो, जास्त हवा ओढतो आणि जोर वाढतो. त्या मापाचे पिस्टन मिळाले होते. क्रँक मात्र या जुन्या तिघांतूनच निवडायचा होता. निवड चुकली, तर तो ऐन सोयाबीनच्या हंगामात मोडणार आणि जाता जाता अख्खं इंजिन फोडणार.

"तूच निवड," जगदेव सकाळीच म्हणाला होता. तेव्हापासून साधनाला ती जोखीम जाणवत होती. पण एक आधारही होता. लग्न होऊन मेडशीला आल्यापासून, गेली चार वर्षं, हा माणूस तिची अशीच परीक्षा घेत आला होता. इंजिन सुरू करायचं, त्यावर तळहात ठेवायचा आणि तिला विचारायचं, "काय बोलते?" ती सांगायची. तो मान डोलवायचा. आपण चुकलोच तर मामाजी सांगतीलच, या भरवशावर ती बेधडक बोलायची.

त्या घरात सुनेनं सासऱ्यापुढं पदर ओढून, मान खाली घालून बोलायची रीत होती. ती जगदेवनंच मोडली. गॅरेजात पाऊल टाकलं त्या पहिल्याच दिवशी तो तिला म्हणाला होता, "पदर कमरेले खोच, नाईतं पट्ट्यात जाईन. आन् बोलशीन तं माह्या तोंडाकडं पाहून बोल." सासू गोजराबाई आठवडाभर फुगून बसल्या. गावातल्या बायका म्हणाल्या, जगदेव म्हातारपणी लय सुधारला बाई!

दुसरा क्रँक चांगला वाजला. पण साधनानं माप घेतलं तर तो इतक्यांदा घासलेला निघाला, की ती झीज भरून काढील एवढ्या जाडीचं बेरिंगच बाजारात मिळणार नव्हतं. तिनं तो खाली उतरवला.

तिसरा गंजानं लाल झालेला. किशननं तो वजनाला वजन म्हणून आणला असावा. साधनानं आधी माप घेतलं, मग हातोडी मारली.

टण्ण्ण्...

देवळातल्या घंटेसारखा सूर निघाला आणि रेंगाळत राहिला. साधनाचा चेहराच उजळला.

"काय बोलला?"

"बोलला कुठं, मामाजी! गाऊन राह्यला! आन् एकदाच घासलेला हाय. त्या मापाचं बेरिंग वाशिमात भेटते."

"हा गंजका?" किशननं कपाळाला हात लावला. "जगदेवबाप्पू, तुमी तं एकदा वाजवून पाहा!"

जगदेवनं क्रँककडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेच्या हसऱ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "तिनं सांगलं ना? लागला मंग."

गंज निघाला, बेरिंगं आली. बोल्ट आवळल्यावर साधनानं एका हातानं क्रँक फिरवून पाहिला. लोण्यात फिरावा तसा फिरला.

आठवड्यानं किशनच्या शेतात मोठं मळणीयंत्र धडधडू लागलं. सोयाबीनचे भारे पडत होते, दाण्यांची धार लागली होती आणि ट्रॅक्टर दम म्हणून खात नव्हता. त्या कल्लोळात ओरडल्याशिवाय कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. किशन गुळाचा खडा घेऊन नाचतच जगदेवपुढं आला आणि ओरडला, "बाप्पू, तुमचा कान म्हंजे कान! आजवर एक क्रँक चुकला नाई!"

"कान तिचा हाय," जगदेव म्हणाला. किशननं तो मोठेपणा समजून त्याच्या पाया पडून घेतलं आणि भाऱ्यांकडे पळाला.

जगदेवनं इंजिनावर तळहात ठेवला आणि ओरडून विचारलं, "काय बोलते?"

साधना पाठमोरी डिझेल पाहत होती. आनंदानं तिला खोडी सुचली. "आज मी नाई सांगत जा! आज तुमी सांगा!"

तिनं वळून पाहिलं. जगदेव तसाच तिच्याकडे बघत वाट पाहत होता. ती समोर आली आणि नेहमीच्याच आवाजात पुन्हा म्हणाली, "आज तुमी सांगा, मामाजी."

हे त्याला लगेच कळलं. तो मिश्कील हसला. "मले काय मालूम? तू घरात यायच्या आंधीच माहे कान इंजिनानं खाल्ले."

साधना बघतच राहिली. चार वर्षांतली सगळी इंजिनं तिच्या डोळ्यांपुढून धडधडत गेली. म्हणजे ती परीक्षा नव्हतीच! तो खरंच विचारत होता. तिच्यामागं कोणीच नव्हतं, आणि तिचं एकही इंजिन चुकलं नव्हतं. तिला एकदम हसू फुटलं.

"मंग माहं बोलणं कसं समजते तुमाले?"

जगदेवनं तिच्या कमरेला खोचलेल्या पदराकडे बोट केलं.

"ओठावरून. लोखंडाले कुठं ओठ असतात, पोरी?"