मौन सोडायचं कुणी?

"आधी प्रार्थना कुणाची?" यावरून गेल्या खेपेला सगळ्या धर्मगुरूंची अशी जुंपली, की विद्यापीठाच्या सर्वधर्म प्रार्थनागृहातली कबुतरं गाव सोडून गेली म्हणतात. "आज पुन्हा भांडलात, तर टाळं ठोकतो," असं बजावून कुलगुरू स्वतःच मागच्या रांगेत येऊन बसले.

प्रार्थनागृह सांभाळणाऱ्या फादर तुस्कानोंनी मग शक्कल लढवली. "सगळ्यांनी मिळून मौन!" घंटा वाजली, डोळे मिटले. मौन संपवायचं कुणी, हे मात्र ठरवायचं राहून गेलं.

फादरांचा जीव वरखाली होऊ लागला. आपण आधी उठावं, तर मौलवीसाहेब म्हणणार, आमची प्रार्थना मोडली. त्यांना आधी उठवावं, तर 'मान त्यांनाच का?' म्हणून गुरुद्वाराचे ग्यानीजी बिथरणार. पायांना मुंग्या आल्या, त्या मुंग्यांना पिल्लंही झाली. शेवटी न राहवून त्यांनी एक डोळा किलकिला केला.

समोर मौलवीसाहेबांचाही एक डोळा उघडा! पलीकडे ग्यानीजींचाही.

"फादर, उठा की आता," मौलवीसाहेब कुजबुजले.

"आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही!"

एकच खसखस पिकली. सर्वांत मोठ्यानं हसले कुलगुरू. डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या वेळी थांबायचं कधी, तेवढं आधी ठरवा."