फुकटची आई

पहिल्याच घासाला श्रीकरचे डोळे भरून आले. "आई, लहानपणी तू मला मांडीवर घेऊन अशीच पुरणपोळी भरवायचीस."

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. पुरणपोळी शेजारच्या उषाकडून आली होती. त्यांना स्वतःला पुरण कधी जमलंच नाही. तीस वर्षं त्यांनी औषधांच्या कारखान्यात पाळ्या केल्या. श्रीकरला न्हाऊ घालणारे, भरवणारे त्याचे बाबा. ते घरीच शिलाईकाम करत.

"परवा उषाचा गिरीशही हेच म्हणाला. शब्द न् शब्द हाच. तुमच्या कंपनीला दुसरी आई सुचत नाही वाटतं?"

श्रीकर ओशाळला. "पाळीसाठी झोप घालवायची गोळी घेतली की घरच्या आठवणी टिकत नाहीत गं. रिकाम्या जागा कंपनी भरून देते. फुकट."

"दिसतंच आहे ते. आम्हीही पाळ्या केल्या, पण घरी येऊन घोरत पडायचो. बरं, बाबा आठवतात?"

"कडक होते. कामावरून दमून यायचे."

द्वारकाबाई उठल्या. त्यांनी शिळी पोळी गूळ घालून कुस्करली, लाडू वळला, अंगठ्याने खळगा पाडून त्यात तूप सोडलं. श्रीकरने तो चवीने खाल्ला.

"हा तू नेहमी करायचीस ना?"

"बाबा करायचे, मेल्या! रोज, तुझ्या डब्यात." त्यांनी नवऱ्याने शिवलेली गोधडी अंथरली. "आता झोप. झोपल्याशिवाय हे तुझ्या डोक्यात राहायचं नाही."

"चारला पाळी आहे, आई."

"कळव त्यांना, खरी आई भेटली. उशीर होईल."